मिशा झिजल्या असतील तर आधी तळ बघा

जळगावच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते.

"मुलीच्या हट्टामुळे दिवाळीत दोन फुटी फिशटँक घेतला. त्यात आठ गप्पी, दोन गोल्डफिश आणि तीन कॅटफिश सोडले. कॅटफिश पांढरट गुलाबी, लाल डोळ्यांचे आहेत. दुकानदार म्हणाला, हे तळ साफ ठेवतात, यांना वेगळं काही घालावं लागत नाही. खाली रंगीत खडी आहे, आत स्पंजचा छोटा फिल्टर आहे. दर महिन्याला सगळी टाकी रिकामी करून खडी, फिल्टर, काचा नळाखाली स्वच्छ धुतो. तरी फेब्रुवारीत एक कॅटफिश गेला. उरलेल्या दोघांच्या मिशा झिजून नुसते खुंट राहिले आहेत. एकाचं पोट लालसर दिसतं. मधूनच दोघं सुसाट वर जातात आणि तसेच खाली येतात. दुकानदारानं निळं औषध दिलं, मूठभर मीठ टाकायला सांगितलं. दोन्ही केलं, फरक नाही. उन्हाळा तोंडावर आहे. मुलगी सातवीत आहे, शाळेतून आली की दप्तर टाकून आधी टाकीपाशी जाते. आमचं काय चुकतंय? ता. क. ती विचारते, कॅटफिश डोळा मिचकावतात हे खरं का?"

ताई, तुमचे मासे वाचू शकतात. मिशांचे खुंट अजून शिल्लक आहेत, म्हणजे मूळ जिवंत आहे. मूळ जिवंत असलं की स्वच्छ तळावर काही आठवड्यांत मिशा पुन्हा वाढतात. मी त्या वाढताना पाहिल्या आहेत. म्हणून कारणं नंतर सांगते, आधी आज काय करायचं ते ऐका.

निळं औषध आणि मीठ दोन्ही थांबवा. आज पाव टाकी पाणी बदला. टाकीची उंची तुम्ही लिहिली नाहीत. ती पंधरा इंच धरली तर दोन फूट लांब, एक फूट रुंद टाकीत सत्तर लिटर मावतं. खडी आणि वरची मोकळी जागा सोडली तर खरं पाणी साठ लिटरच्या आतच भरेल. म्हणजे पाव पाणी म्हणजे एक मोठी बादली. पाणी काढताना सायफनच्या नळीचं टोक खडीत खुपसून खालचा गाळ ओढून घ्या. भरायचं पाणी आदल्या दिवशी बादलीत उघडं ठेवलेलं असावं, किंवा त्यात अँटी-क्लोरीनचे थेंब घातलेले असावेत. पुढचे दहा दिवस एक दिवसाआड हेच करा. फिल्टरला हात लावू नका. आणि मासे तळाशी आहेत की वर तरंगताहेत, अन्नाकडे येतात की नाही, हे रोज मुलीला वहीत लिहायला सांगा.

आता कारणं. तुमच्या वर्णनावरून हे कोरीडोरास आहेत, दुकानात नुसतं 'कोरी' म्हणतात. पांढरा, लाल डोळ्यांचा तो ब्रॉन्झ कोरीचाच अल्बिनो प्रकार. मूळचा दक्षिण अमेरिकेतला. तिथल्या ओढ्यांच्या, नद्यांच्या संथ काठाशी, मऊ वाळूवर, थव्यानं चरणारा हा मासा आहे. वाळूत डोळ्यांपर्यंत डोकं खुपसतो, तोंडभर वाळू घेतो, त्यातले किडे-अळ्या गिळतो आणि उरलेली वाळू कल्ल्यांतून बाहेर सोडतो. दोन्ही बाजूंनी वाळूची बारीक धार पडताना एकदा पाहिली की विसरत नाही. अंधारात आणि गढूळ पाण्यात त्याला अन्न सापडतं ते मिशांमुळे. आपल्या जिभेला चव कळते तशी त्याला मिशांनी कळते.

तुमच्याकडच्या कोरीला हे काहीच करता येत नाही. खडी तोंडात मावत नाही. ती जिथे कापलेली, धारदार असते तिथे मिशांना रोज खरचटतं. पण मिशा झिजण्याचं खरं कारण खडीच्या कडांपेक्षा खडीखालची घाण आहे असं माझं मत आहे. दाण्यांच्या मधल्या फटीत गोल्डफिशची विष्ठा, न खाल्लेलं खाणं, कुजकी पानं जाऊन बसतात. वरून टाकी चकचकीत दिसते आणि खाली सडत असतं. गप्पी पाण्याच्या वरच्या थरात असतो, त्याला त्याचं काही नसतं. कोरी दिवसभर त्याच जागी तोंड घालून बसतो. खरचटलेल्या मिशीत जिवाणू शिरतात, मिशी टोकापासून आत झडत जाते. पोटाखालची लाली त्याच कुळातली. पाठीवर आणि कुशीवर या माशाला हाडांच्या पट्ट्यांचं चिलखत असतं, पोट मात्र उघडं असतं, आणि तेच पोट तो त्या गाळावर टेकवून बसतो.

आता दुखरी गोष्ट लिहिते, रागावू नका. टाकी दर महिन्याला भांड्यांसारखी घासून काढणं हे तुमच्याकडून प्रेमानं झालेलं सगळ्यात मोठं नुकसान आहे. मासे पाण्यात सतत अमोनिया सोडतात, कल्ल्यांतून आणि विष्ठेतून. तो त्यांच्यासाठीच विष आहे. फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर, काचेवर जिवाणूंचा एक थर बसतो, तो अमोनियाचं नायट्राइट करतो. दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्राइट विषारी, नायट्रेट त्या मानानं सौम्य, आठवड्याच्या पाणीबदलात ते निघून जातं. हा थर पुरता बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तुम्ही दर चार आठवड्यांनी तो क्लोरीनच्या पाण्याखाली धुऊन टाकता. म्हणजे दिवाळीपासून तुमची टाकी दर महिन्याला पुन्हा पहिल्या दिवसावर येते, आणि मासे दर महिन्याला तेच विष नव्यानं सोसतात. निळ्या औषधानं, म्हणजे मिथिलीन ब्ल्यूनं, त्याच जिवाणूंना आणखी मार बसतो.

हे मी शिकले ते सहा कोरी घालवून. माझी पहिली मोठी टाकी होती. पाहुणे येणार म्हणून शनिवारी दुपारभर बसून मी खडी चाळणीत धुतली, स्पंज पिळून पिळून पांढरा केला, काचा पुसल्या. रात्री टाकी आरशासारखी दिसत होती. सकाळी सहाही कोरी तळाशी आडवे होते, कल्ले गडद लाल. त्याआधी दोन वर्षं ते माझ्याकडे होते. तेव्हापासून माझा नियम झाला: स्पंज धुवायचा तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात, दोनदा हलकेच दाबून, आणि ज्या आठवड्यात स्पंज धुतला त्या आठवड्यात खडी-वाळूला हात लावायचा नाही.

अमोनिया आणि नायट्राइट मोजायचं थेंबांचं किट मिळतं, ते घ्या. औषधांच्या चार बाटल्यांच्या पैशात येईल आणि खूप दिवस पुरेल. दोन्ही आकडे शून्य हवेत. नायट्रेट लिटरमागे वीस-तीस मिलिग्रॅमच्या आत राहिलं तर उत्तम. पीएच, म्हणजे पाणी आम्लधर्मी आहे की अल्कधर्मी याचा आकडा, तोही मोजा. बोअरचं जड पाणी बहुतेक वेळा आठच्या आसपास असतं, आणि पीएच सातवरून आठवर गेला की तेवढ्याच अमोनियातला विषारी हिस्सा जवळपास दहापट होतो. पाणी तापलं की तो आणखी वाढतो. म्हणून आपल्याकडे उन्हाळ्यात, जड पाण्यात, घाण साचलेली टाकी एका रात्रीत हातची जाते. अल्बिनो कोरी पिढ्यानपिढ्या टाक्यांमध्येच वाढवलेले असतात, पाण्याचा जडपणा ते बऱ्यापैकी सोसतात. पीएच खाली आणायची औषधं आणून पाण्याशी खेळू नका. वर-खाली होणाऱ्या पाण्यापेक्षा स्थिर जड पाणी बरं.

मिठाचंही सांगते. मीठ विष नाही, काही आजारांत ते मोजून वापरतात. पण कोरी क्षार कमी असलेल्या पाण्यातला मासा आहे, त्याच्यासाठी मुठीनं मीठ घालणं बरं नाही. शिवाय पाणी उडून गेलं तरी मीठ मागेच राहतं, ते फक्त पाणी बदलल्यानं कमी होतं. उन्हाळ्यात पाणी झपाट्यानं आटतं आणि आपण वरून भर घालत राहतो. ती भर म्हणजे पाणीबदल नव्हे, क्षार तर साठतच जातात. रोजची भर घालायला आरओचं शुद्ध पाणी चांगलं. आरओच्या दुसऱ्या नळीतून जे फेकलं जातं ते नव्हे, त्यात तर सगळे क्षार एकवटलेले असतात.

आता तळ. रंगीत खडी काढून बारीक वाळू घालायची. पण एका दिवसात नाही, कारण त्या खडीवरही थोडे जिवाणू आहेत आणि तुमच्या टाकीत ते आधीच कमी आहेत. दर आठवड्याला एक तृतीयांश खडी काढा. काढताना खालचा गाळ उसळतो, म्हणून तेवढा वेळ मासे टाकीच्याच पाण्यानं भरलेल्या बादलीत ठेवा, एअर स्टोन, म्हणजे पंपाला जोडलेला बुडबुडे सोडणारा दगड, लावून. गाळ सायफननं ओढा, मग मासे परत सोडा.

वाळू कुठली, हा प्रश्न महाराष्ट्रात आता वाटतो तितका सोपा राहिलेला नाही. बांधकामावर हल्ली जी काळसर क्रश सँड असते ती बेसॉल्ट फोडून केलेली असते. तिचे कण काचेच्या चुऱ्यासारखे धारदार असतात, ती अजिबात नको. समुद्राची वाळू नको, त्यात शिंपल्यांचा चुरा असतो, पाणी आणखी जड होतं. नदीची गोल कणांची जुनी वाळू मिळाली तर ती, नाहीतर पोहण्याच्या तलावाच्या फिल्टरमध्ये वापरतात ती सिलिका वाळू. चिमूटभर वाळू दोन बोटांत चोळून बघा, टोचली की परत करा. थोडीशी वाटीत घेऊन वर व्हिनेगर टाका, फसफसली तर तिच्यात चुना आहे, नको. तुमच्या टाकीला दीड इंचाच्या थरासाठी दहा-अकरा किलो पुरेल. बादलीत हातानं ढवळून, गढूळ पाणी ओतून देत, पाणी नितळ येईपर्यंत धुवायची. दहा-पंधरा वेळा तरी धुवावी लागते. मग दोन दिवस उन्हात पसरा.

थर दोन इंचांपेक्षा जाड करू नका. जाड वाळूत हवा पोचत नाही, खाली काळं पडतं आणि सडक्या अंड्याचा वास येतो. आठवड्यातून एकदा बोटानं वाळू हलकेच चाळवली की झालं. वाळूत घाण आत शिरत नाही, वर दिसते. पहिले काही दिवस तुम्हाला टाकी पूर्वीपेक्षा घाण वाटेल. ती घाण आधीही होती, आता दिसते आहे एवढंच. सायफनची नळी वाळूच्या वर बोटभर उंच धरून फिरवली की ती उचलली जाते.

'तळ साफ ठेवतात, वेगळं घालावं लागत नाही' हे वाक्य मी किती दुकानांत ऐकलं असेल! या एका वाक्यानं जितके कोरी उपाशी मेले असतील तितके रोगानं मेले नसतील असं मला मनापासून वाटतं. कोरी विष्ठा खात नाही. शेवाळ खात नाही. वरून खाली पडलेलं खाणं खातो, पण दोन गोल्डफिश असलेल्या टाकीत खाली काय पडतं? काही नाही. तुमच्या कोरींची पोटं समोरून बघा. भरलेल्या कोरीचं पोट खालून सपाट, कडेला किंचित गोलसर असतं. खपाटीला गेलं असेल तर तो महिनोन्महिने अर्धपोटी आहे.

त्यांना बुडणाऱ्या गोळ्या हव्यात, सिंकिंग पेलेट्स म्हणून मिळतात. रात्री दिवा मालवल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी, माशामागे दोन-तीन छोट्या गोळ्या. आधी वरच्या कोपऱ्यात गप्पींना त्यांचं खाणं घाला, ते तिकडे गुंतले की दुसऱ्या कोपऱ्यात गोळ्या सोडा. दोन तासांनी उरलेलं नळीनं काढून घ्या. आठवड्यातून दोनदा गोठवलेले ब्लडवर्म, म्हणजे छोट्या लाल अळ्या, द्या, कोरी त्यावर तुटून पडतात. वाळवलेल्या ट्युबिफेक्सची, म्हणजे बारीक लाल किड्यांची, वडी आधी वाटीभर पाण्यात भिजवून, दाबून, बुडेल अशी करून द्या. जिवंत ट्युबिफेक्स मात्र नको. ते बहुधा सांडपाण्यातून काढलेले असतात आणि आजारी माशाला आणखी जंतू कशाला? आठवड्यात एक दिवस उपास चालतो.

आता गोल्डफिश. त्यांना तुमच्या टाकीत ठेवता येणार नाही, हे स्पष्टच सांगते. त्यांना मोठी जागा आणि थंड पाणी लागतं, ते घाण प्रचंड करतात, कोरीचं खाणं खातात. आणखी एक धोका बऱ्याच जणांना माहीत नसतो. गोल्डफिश मोठा झाला की छोटा कोरी तोंडात घ्यायला बघतो. कोरी घाबरला की पाठीवरचा आणि कुशीवरचे काटे ताठ करून अडकवतो, ते मग मिटत नाहीत. नदीत गळ टाकणाऱ्या कुणालाही विचारा, शिंगाळ्याचा काटा हातात घुसला की काय होतं ते. तसाच हा काटा गोल्डफिशच्या घशात अडकतो आणि दोघंही मरतात. म्हणून ज्यांच्याकडे मोठी टाकी किंवा हौद असेल त्यांना गोल्डफिश द्या. मेहरूण तलावात किंवा एखाद्या विहिरीत सोडू नका. हौसेनं आणलेला आणि मोठा झाल्यावर सोडून दिलेला सकर मासा आज देशातल्या कितीतरी नद्या-तलावांत पसरला आहे आणि कोळ्यांची जाळी फाडतो आहे. हो, तळ साफ करायला म्हणून दुकानदार आता तुम्हाला तो सकर देऊ करील. तो दीड फुटांपर्यंत वाढतो. घेऊ नका.

सुसाट वर जाण्याचं विचारलंत. ते कोरीचं वेडेपण नाही आणि दरवेळी आजारही नाही. कोरी आतड्यानं श्वास घेऊ शकतो. वर येऊन हवेचा एक घोट गिळतो, आतड्याच्या मागच्या भागात त्यातला प्राणवायू रक्तात जातो, उरलेली हवा मागून बाहेर पडते. आटत चाललेल्या डबक्यात तग धरायची ही त्याची सोय आहे. निरोगी कोरीही अधूनमधून असा वर जातो. म्हणून पाणी झाकणापर्यंत भरू नका, वर दोन इंच हवा राहू द्या, आणि झाकण असू द्या, नाहीतर एखादा बाहेर पडायचा. किती वेळा जातो ते मुलीला घड्याळ लावून मोजायला सांगा. दहा-वीस मिनिटांत एकदा जात असेल तर चिंता नाही. मिनिटा-दोन मिनिटाला जात असेल, तळाशी असताना कल्ले भराभर हलत असतील, तर पाण्यात प्राणवायू कमी आहे किंवा अमोनिया-नायट्राइटनं कल्ले भाजले आहेत. तेव्हा लगेच पाव पाणी बदला आणि एअर स्टोन जोरात सोडा.

यातूनच उन्हाळ्याकडे येते, कारण जळगावचा उन्हाळा हीच तुमच्या टाकीची खरी परीक्षा आहे. ब्रॉन्झ कोरीला बावीस ते सव्वीस अंश मानवतं. बाहेर पारा पंचेचाळीसच्या वर गेला की घरातलं पाणी सहज बत्तीस-तेहतीसवर जातं. पंचवीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे आठ मिलिग्रॅमच्या थोडा वर प्राणवायू मावतो, बत्तीसला तो सव्वासातवर येतो, आणि नेमकी त्याच वेळी माशाची गरज वाढलेली असते. टाकी खिडकीपासून आणि पश्चिमेच्या भिंतीपासून हलवा. झाकणाच्या जागी जाळी टाका आणि छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका सोडा. बाष्पीभवनानं दोन-तीन अंश उतरतात. दिवा दिवसाला पाच-सहा तासच लावा. दुपारी फारच तापलं तर पाण्यानं भरून गोठवलेली छोटी बाटली तरंगत सोडा, पण तासाला एखादा अंश उतरेल इतपतच. बर्फ थेट टाकायचा नाही.

पाणी बदलायचं ते पहाटे. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी एप्रिलच्या दुपारी हाताला चटका देतं, ते नळातून थेट ओतून गेलेले मासे मी पाहिले आहेत. पहाटे भरून सावलीत ठेवलेली बादली दुसऱ्या पहाटे वापरा. वीज जाण्याच्या दिवसांसाठी बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घेऊन ठेवा. तो नसेल तर तांब्यानं पाणी उचलून वरून टाकीत ओतत राहा, दर दहा मिनिटांनी वीस-पंचवीस तांबे. आणि डासांचा स्प्रे, कॉइल, लिक्विडची मशीन टाकीच्या खोलीत नकोच. त्यातली औषधं माशांना अतिशय विषारी असतात आणि एअर पंप खोलीतली तीच हवा ओढून पाण्यात सोडतो.

लाल पोटाच्या कोरीवर लक्ष ठेवा. स्वच्छ पाण्यात आठ-दहा दिवसांत लाली फिकी व्हायला हवी. ती पसरली, जखम उघडली, किंवा त्यानं खाणं सोडलं, तर त्याला वेगळ्या डब्यात एअर स्टोनसह ठेवून माशांसाठीचं जिवाणूरोधक औषध द्यावं लागेल. तेही माशांचं कळणाऱ्या पशुवैद्याला विचारून, कारण कोरीला औषधं लवकर बाधतात. तांबं असलेली औषधं टाळा. घरात उरलेली माणसांची कॅप्सूल फोडून टाकीत टाकायची पद्धत आहे आपल्याकडे, ती नको. तिनं मासा बरा होईल याची खात्री नाही, आणि फिल्टरचे जिवाणू मात्र मरू शकतात. त्याला पकडताना जाळी वापरू नका, काटे जाळीत अडकतात आणि सोडवताना तुटतात. मोठा मग पाण्यात बुडवून त्याला आत हाकला.

कोरीला एकटं-दुकटं करमत नाही. सहा तरी हवेत. दोन कोरी कोपऱ्यात दबून राहतात, सहा झाले की दिवसाउजेडी टाकीभर हिंडतात, विसावताना एकमेकांना चिकटून बसतात. पण आता नवीन आणू नका. उन्हाळ्यातला पिशवीतला प्रवास आणि अजून न सावरलेली टाकी, दोन्ही वाईट. अमोनिया-नायट्राइट महिनाभर शून्य दाखवू देत, पाऊस लागू दे, जुलैत चार आणा. अल्बिनो किंवा साधे ब्रॉन्झ, दोन्ही एकाच जातीचे आहेत, एकत्र फिरतात. पुढेमागे वेगळी टाकी कराल तेव्हा तुमच्या हवेला स्टर्बाय कोरी जास्त योग्य, ते अठ्ठावीस अंशांपर्यंत आरामात राहतात. दुकानात गेलात की आधी मिशा बघा, मग पोट बघा, आणि दुकानदाराला समोर खाणं टाकायला सांगा. न खाणारा घेऊ नका. पिशवी दुहेरी मागा, काट्यानं भोक पडतं. घरी आणल्यावर दोन-तीन आठवडे वेगळ्या डब्यात ठेवून मगच टाकीत सोडा. नीट ठेवलेला कोरी पाच ते दहा वर्षं जगतो, म्हणजे तुमची मुलगी कॉलेजात जाईपर्यंत तो घरात असू शकतो.

आणि तिच्या प्रश्नाचं उत्तर. हो, तिनं बरोबर पाहिलं आहे. माशाला पापणी नसते, पण कोरी बुबूळ झटकन खाली फिरवू शकतो, त्यामुळे डोळा मिचकावल्यासारखा दिसतो. तिला हेही सांगा की याच कुळातला ठिपक्यांचा पेपर्ड कोरी डार्विननं बीगल जहाजाच्या सफरीत दक्षिण अमेरिकेत गोळा केला होता, आणि १८४२मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन छापलं गेलं. डोळा बघायचा असेल तर टाकीसमोर गुडघ्यावर बसून, डोळे तळाच्या पातळीत आणून, पाच मिनिटं अजिबात न हलता थांबायचं. वाळू घातल्यावर बघ म्हणावं. पोट भरलेला कोरी वाळूवर टेकला की जास्त वेळा मिचकावतो असं मला तरी दिसलं आहे. तिनं मोजून कळवावं.